आपल्या विमानातली माणसं

विमान गेलं होतं आणि ती दोघं अजून बसून होती. दुपारची गर्दी ओसरल्यावर सोमेश्वर नेहमीप्रमाणे गेटांपुढून फेरी मारत होता. फरशी पुसणारं यंत्र घरघरत लांब चाललं होतं, काचेपलीकडे धावपट्टीवर ऊन थरथरत होतं, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या ओळीत एक म्हातारा आणि एक म्हातारी बंद गेटाकडे तोंड करून बसली होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं. म्हातारीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, त्यावर तिचे दोन्ही हात. सोमेश्वरच्या अंगावरचा कोट आणि गळ्यातलं ओळखपत्र पाहून ती म्हणाली, "साहेब, आमचं इमान कवा लागतं?" त्यानं पास हातात घेतले. उत्तरेकडचं विमान, मघाशीच उडालेलं. गेट बदललं होतं. तसं पडद्यांवर आलं होतं, पाट्यांवर आलं होतं, माणसं उठून दुसऱ्या टोकाला गेली होती. ही दोघं उठली नव्हती. त्यानं हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू एखाद्या लांबच्या गावाची बातमी ऐकली. म्हातारी मात्र समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "इथं बसा म्हनले व्हते आमाला. आमी उठलोच न्हाई बघा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेलं बराबर पाळलं, आता पुढचं तुमी सांगा, असं काहीतरी होतं. सोमेश्वर त्या विमानतळावर टर्मिनलचा ड्युटी मॅनेजर होता. भांडणारे, ओरडणारे, मोबाइलवर चित्रण करणारे प्रवासी त्यानं पुष्कळ पाहिले होते आणि त्यांचं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. या वाक्याचं काय करायचं ते मात्र त्याला कळेना.

त्यानं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळवून दिली, जेवणाची आणि झोपायची सोय केली. म्हाताऱ्याचं नाव उकंडराव, म्हातारीचं शालूबाई. हट्ट्याची माणसं. सोमेश्वर स्वतः कळमनुरीचा, म्हणजे एकाच जिल्ह्यातला. पोरगं फौजेत आहे, दवाखान्यात आहे, एवढंच उकंडराव बोलले. सोमेश्वरनं जास्त विचारलं नाही. पण ती दोघं गेल्यावर त्यानं कॅमेऱ्यांचं चित्रण लावून पाहिलं आणि मग ते त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. चित्रणात कुणाचंच काही चुकत नव्हतं. गणवेशातली मुलगी त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत आणते, बसवते, हसते. गेट बदलतं. माणसं एकेक, दोनदोन उठतात, बॅगा ओढत चित्राबाहेर जातात. उकंडराव एकदा मान वळवून त्या जाणाऱ्यांकडे पाहतात, बराच वेळ पाहतात, आणि मग पुन्हा समोर बघू लागतात. ती वळलेली मान. सोमेश्वरला घरी जेवताना ती दिसे, गाडी सिग्नलला थांबली की दिसे. टर्मिनल शांत ठेवायचं, घोषणा करायच्या नाहीत, हे धोरण आलं तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला होता. लहानपणापासून त्यानं गोंगाटच ऐकला होता, आणि ही गार, गुळगुळीत, अत्तरासारखा मंद वास असलेली शांतता त्याला आपली कमाई वाटत असे. आता तीच शांतता कुणीतरी कानात कापूस घालावा तशी त्याला जड होऊ लागली. रिकाम्या खुर्च्यांपुढून जाताना तो चालणं आवरून घेई, आणि खुर्चीत कुणी एकटं म्हातारं माणूस दिसलं की पाय आपोआप तिकडे वळत. बहुतेकांना कशाचीच गरज नसे. ती त्याच्याकडे संशयानं पाहत.

त्याच सुमाराला मंजुषाबाई आल्या. विमानतळाची नवी इमारत उघडायची होती, आणि तिच्यात माणसं कशी फिरतील, कुठे अडकतील, हे आधीच पाहून घ्यावं म्हणून व्यवस्थापनानं एका संशोधन केंद्राला बोलावलं होतं. हे केंद्र विमानतळ चालवणाऱ्यांच्या रोजच्या अडचणींवर काम करी. धावपट्टीकडेच्या गवतात पक्षी का उतरतात, सामानाच्या ढकलगाड्या नेमक्या नको तिथे का साठतात, असले प्रश्न. सोमेश्वरनं मनात एखादी चटपटीत, पडद्यावर आलेख दाखवणारी व्यक्ती धरली होती. आल्या त्या पन्नाशीच्या, सुती साडी नेसलेल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे असलेल्या बाई. चालताना उजवा पाय थोडा ओढत. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "इथं तुम्हाला काय खुपतं?" इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. अहवालांत अडचणी विचारत, टक्केवारी विचारत. खुपणं हा शब्दच त्या इमारतीत नवा होता. त्यानं उकंडराव आणि शालूबाईंची गोष्ट सांगितली. सांगताना ती फारच लहान वाटू लागली, म्हणून तो मध्येच थांबला. बाई म्हणाल्या, "ती कुठल्या खुर्चीवर बसली होती?"

दुसऱ्या दिवशी त्या तिथे येऊन बसल्या. मोबाइल त्यांनी सोमेश्वरच्या टेबलावर ठेवला होता, चष्माही काढून ठेवला होता. सकाळभर, दुपारभर त्या त्याच जागी बसून राहिल्या. फेऱ्या मारताना त्याला त्या दिसत, मांडीवर हात ठेवलेल्या, समोर बघणाऱ्या, आणि त्याला आधी हसू येई, मग संकोच, मग एक विचित्र भीती, की आता ह्याही उठणार नाहीत. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा त्यांचा पाय आखडला होता. खुर्चीवर टेकून त्या पोटरी चोळत म्हणाल्या, "पाट्या फार वर आहेत. बसलेल्या माणसाला पुढच्याचं डोकं दिसतं. आणि मला तहान लागली होती, पण उठले तर जागा जाईल, विमान जाईल, असं वाटत राहिलं. मला, जिला इथला कोपरान् कोपरा माहीत आहे." मग त्यांनी पाय खाली सोडला. "पण मी काही त्यांच्यासारखी नव्हे. मला चष्मा काढून अडाणी होता येत नाही. ज्यांनी विमानतळ पाहिलाच नाही अशी माणसं मला हवीत. आणि आधी त्या दोघांना भेटलं पाहिजे." सोमेश्वर म्हणाला, "हिंगोली जिल्हा लांब आहे, मॅडम." त्या म्हणाल्या, "म्हणून तर."

वैशाखात ते निघाले. वसमतच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं उघडी पडली होती, आणि सोमेश्वरला गाडीच्या काचेतून येणारा तो तापल्या मातीचा वास एकदम इतका ओळखीचा वाटला की त्यानं काच वर केली आणि पुन्हा खाली केली. हट्ट्यात उकंडरावांचं घर गावाच्या कडेला होतं. वाघुराच्या जाळ्यात मेंढरं कोंडलेली, लिंबाखाली बाज. शालूबाईंनी त्याला लगेच ओळखलं. "आमाला इमानात बसवलं ते साहेब," त्यांनी घरात हाक मारली. तो अवघडला. आतून एक तरणा मुलगा काठी टेकत बाहेर आला. त्याचा एक पाय गुडघ्याखाली खोटा होता आणि तो अजून नवा होता, हे त्याच्या पावलावरून कळत होतं. तो हनुमान. बर्फाच्या डोंगरात गाडी दरीत गेली, पाय चिरडला, विष अंगात चढत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी पाय काढावाच लागेल. त्यानं आईला बोलावून घेतलं. पलटणीनं तिकिटं काढली. ती दोघं पोचली तेव्हा पाय काढून झाला होता. हे सगळं हनुमाननंच सांगितलं, अगदी साधेपणानं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मग मंजुषाबाईंनी शालूबाईंना विचारलं, "त्या दिवशी उशीर झाला, त्याचा राग नाही आला?" शालूबाई शेळीच्या करडाला पायानं बाजूला सारत म्हणाल्या, "राग कोनाचा करावा ताई. पोरगं जिवंत हाय, बरं हाय. एकच वाटतं. लहान व्हता तवा रोज त्याच्या पायाला तेल लावलं म्या. जायच्या आधी एकडाव हात फिरवला असता, बस." सोमेश्वरनं पाहिलं, मंजुषाबाईंनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. त्यांनी फक्त आपली नजर शालूबाईंच्या तोंडावरून हलू दिली नाही. इतकं नुसतं ऐकून घेणं ही एक कष्टाची गोष्ट आहे, हे त्याला त्या लिंबाखाली पहिल्यांदा जाणवलं. तो स्वतः मेंढरांकडे बघत होता.

जवळा बाजारात कापसाच्या एका व्यापाऱ्याचं पत्र्याचं शेड उन्हाळ्यात रिकामंच असतं. बाईंनी ते मागून घेतलं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्यात विमानतळ उभा केला. सुतळ्या बांधून वाटा केल्या, बाकं ओळीनं मांडली, पुठ्ठ्याची गेटं केली. विमान म्हणून बाहेर एक टेम्पो उभा होता. योग्य गेटातून जो बाहेर पडेल त्याला तो टेम्पो बाजाराला एक वळसा घालून आणी, मग चहा. बाजारात आलेली माणसं आधी दारातून डोकावली, मग हसत हसत आत आली. सोमेश्वरला सुरुवातीला लाज वाटत होती. कोट काढून ठेवलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, की मी विमानतळावर मोठा साहेब आहे आणि इथे पुठ्ठ्याची गेटं धरून उभा आहे. पण मंजुषाबाई भर उन्हात त्या शेडमध्ये अशा वावरत होत्या की जणू जगातली सर्वांत महत्त्वाची इमारत तीच. त्यांची कल्पना अशी होती की आकडे वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक गेटावर एक मोठं चित्र लावावं. मोर, सायकल, आंबा, पतंग. पासावर मोर तर गेटावर मोर. यावर त्यांनी वर्षभर काम केलं होतं, दुसऱ्या देशांतले दाखले जमवले होते. पहिल्याच खेपेला शेळ्या विकायला आलेले मसाजी नावाचे एक आजोबा सायकलीच्या चित्रापुढे थबकले आणि म्हणाले, "ही कोन्या पारटीची?" मागचे हसले. बाईंनी विचारलं, "पार्टी कसली?" मसाजी म्हणाले, "मग निशानी काहून लावली?" त्यानंतर त्या गेटाकडे कुणी जाईना. आंब्याच्या गेटाकडे मात्र सगळी जात, पासावर काही का असेना. दुपारपर्यंत स्पष्ट झालं की चित्रं पडली.

सोमेश्वर त्या क्षणी बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. वर्षभराचं काम पत्र्याच्या शेडात, हसणाऱ्या लोकांपुढे, एका सकाळी मोडलं होतं. आपण असतो तर काय केलं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं. लोकांना नीट समजावून सांगितलं नाही, असं म्हटलं असतं. पुन्हा एकदा घेऊ, म्हटलं असतं. मंजुषाबाई स्टुलावर चढल्या, ओढत्या पायानं, आणि एकेक चित्र स्वतःच्या हातानं काढू लागल्या. काढता काढता त्या हसत होत्या. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "चित्र दिसलं की मताचा शिक्का मारायची सवय. हे मला पुण्यात बसून कधीच कळलं नसतं." कुठेही ओरखडा उमटलेला दिसत नव्हता. नंतर, कोपऱ्यात एकट्या पाणी पिताना, त्या तांब्या तसाच धरून काढलेल्या मोराकडे बघत राहिलेल्या त्याला दिसल्या, आणि त्यामुळेच मघाचं हसणं त्याला जास्त मोठं वाटलं. आतापर्यंत त्याच्या लेखी हुशार माणूस म्हणजे ज्याचं चुकत नाही तो.

पुढच्या बाजारी पुन्हा तोच खेळ, या वेळी चित्रांवाचून. मध्येच बाई खूण करीत, सोमेश्वर गेटाची पाटी मुकाट्यानं बदलत असे, आणि कोण उठतं, कोण बसून राहतं ते बघायचं. वाचणारे उठत, न वाचणारे बसत. मिराबाई नावाची एक बाई होती, बांगड्या भरून झाल्यावर सावलीला म्हणून आत आलेली. ती पहिल्या खेपेला बसूनच राहिली होती. दुसऱ्या खेपेला ती पुन्हा आत आली, गेट बदललं आणि ती चटकन उठून बरोबर नव्या गेटाशी जाऊन उभी राहिली. मंजुषाबाई तिच्याजवळ गेल्या. "पाटी दिसली का तुम्हाला?" "न्हाई बा." "मग कशा उठलात?" मिराबाईनं पुढच्या एका हिरव्या लुगड्याकडे बोट केलं. "ती उठली म्हनून." "ओळखीची आहे?" "न्हाई. पन आमी संगच आत आलो ना." एवढंच बोलून ती टेम्पोत बसायला गेली. मंजुषाबाई मात्र जागच्या हलेनात. मग त्या एका पोत्यावर बसल्या, पर्समधून शेंगदाणे काढले, खाल्ले नाहीत, मुठीत धरून ठेवले. सोमेश्वरला आधी वाटलं ऊन लागलं. जवळ गेला तेव्हा त्या स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या, "पहिल्या खेपेला ती एकटी आली होती. तिला गेट शोधायचंच नव्हतं, सोमेश्वर. तिला आपल्याबरोबरची माणसं हवी होती. आपण त्यांना जागा वाचायला लावतोय, आणि ती माणसं वाचतात."

त्याला एकाएकी कळमनुरीचा बसस्टँड आठवला, इतक्या जोरात की पत्र्याखालचा उकाडा आणि तिथला उकाडा एकच झाला. मामाकडे जायला तो लहानपणी एकटाच निघे. वडील त्याला स्टँडवर आणत, आणि बसची पाटी कधीच बघत नसत. गर्दीत उभं राहून मोठ्यानं विचारत, "नांदेडला जानारं कोन हाय?" कुणीतरी एक 'मी' म्हणे. अनोळखी असे, कधी बाई, कधी तंबाखू मळणारा म्हातारा. वडील त्याचा हात त्या माणसाच्या हातात देत आणि मागे न बघता निघून जात. मग त्या हाताला धरूनच चढायचं, उतरायचं, पाणी प्यायचं. वाटेत भीती कधी वाटली नाही. त्यानं हे बाईंना सांगितलं. ही गोष्ट आजवर त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, शहरातल्या लोकांना ती कशी सांगायची हेच त्याला कळलं नसतं. मंजुषाबाई ऐकताना इतक्या सावकाश उजळत गेल्या की त्याला वाटलं, आपलं बालपण आता कुठे काही कामाला आलं. कॅमेऱ्यातली ती वळलेली मानही त्याला तेव्हाच उलगडली. उकंडराव जाणाऱ्यांकडे एवढा वेळ बघत होते ते याच्यासाठी, की ही आपली माणसं आहेत का, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ठरवायला कसलीच खूण नव्हती.

खूण शोधण्यात आणखी काही बाजार गेले. बोर्डिंग पास ठेवायचं कागदी पाकीट, एका विमानाच्या सगळ्यांना एकसारखं, हे लवकर ठरलं. रंग मात्र टिकेनात. भगवा दिला की एक अर्थ, हिरवा, निळा दिला की दुसरा, आणि मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्यांना पिवळा, पांढरा एकच दिसे. शेवटी बाजारातल्या कापडाच्या दुकानापुढे उभ्या असताना मंजुषाबाईंनी ठिपके, पट्टे आणि चौकडी निवडली, एका विमानाला एक. ठळक, काळ्यावर पांढरी. म्हाताऱ्यांना लांबून दिसायची आणि कुणाच्या कुठल्या पक्षाची नव्हती. आत आल्यावर ज्याच्या हातात पाकीट त्याला एवढंच सांगायचं, "ही चौकडीवाली तुमची माणसं." इथं बसा, हे वाक्य बाईंनी काढूनच टाकलं. पाटी बदलली की वाचणारे उठायचे, आणि त्यांच्या हातातली चौकडी उठलेली पाहून बाकीचे. पाहता पाहता पूर्ण बाक उठायचं. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा शेडात कसला आवाज झाला नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शालूबाई त्या दिवशी हनुमानबरोबर बाजाराला आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या सोमेश्वरला म्हणाल्या, "असं केलं व्हय. हे बेस केलं." आणि लेकाच्या चालीनं, सावकाश, बाजारात निघून गेल्या.

मग व्यवस्थापनापुढे सगळं मांडायचा दिवस आला. संचालक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण नव्या इमारतीच्या दिमाखाला हे शोभेल का? फार तर ज्यांना वाचता येत नाही त्यांना द्या." सोमेश्वरला वाटलं, हे ठीक आहे, एवढं मिळालं तरी पुष्कळ. मंजुषाबाई शांतपणे म्हणाल्या, "मग ते चालणार नाही, सर." "का?" "ज्यांना वाचता येत नाही, त्यांना एकमेकांच्या मागे जाऊन काय मिळेल? वाचणाऱ्याच्या हातात चौकडी हवी. तो उठला तर बाकीचे उठतील. आणि फक्त अडाण्यांच्या हातात दिलीत तर ती अडाणीपणाची खूण होईल, कुणी हातात धरणार नाही. मंत्री आले तरी त्यांना चौकडी." संचालकांनी चष्मा पुसला. "आणि नाही चाललं तर?" "तर मी काढून टाकीन," बाई म्हणाल्या. "मी आधीही काढलंय." तेव्हा सोमेश्वरला राहवलं नाही. अशा बैठकीत तो न विचारता कधी बोलत नसे. त्यानं शालूबाईंचं नाव घेतलं आणि त्या पायाला तेल लावण्याविषयी जे म्हणाल्या ते, त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं सांगितलं. त्या थंड खोलीत 'एकडाव हात फिरवला असता' हे शब्द त्याच्या तोंडून गेले आणि त्याला आपला आवाज ओळखीचा वाटला. संचालकांनी पाकीट पुन्हा उचललं. मग म्हणाले, "एका बाजूच्या गेटांवर महिनाभर करून बघा."

पहिले काही दिवस प्रवासी पाकिटं घेऊन खिशात घालत. मग हळूहळू, मुलांच्या नादानं, कुतूहलानं, ती हातांत दिसू लागली. एका दुपारी उत्तरेकडच्या विमानाचं गेट बदलावं लागलं. सोमेश्वरनं पडद्यावर बदल टाकायला सांगितलं आणि स्वतः लांब खांबाशी जाऊन उभा राहिला. मंजुषाबाई आल्या होत्या, त्या दुसऱ्या खांबाशी. आधी लॅपटॉपवाला एक माणूस उठला. मग एक कुटुंब. मग त्या ओळींमधून चौकडी, चौकडी, चौकडी अशी वर येऊ लागली. एका फेटेवाल्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं, कुणी तरी म्हणालं, "अरे, आपले चालले." आणि सगळा घोळका दुसऱ्या टोकाकडे सरकू लागला. सोमेश्वरनं बाईंकडे पाहिलं, त्या हसत असतील असं वाटून. पण मंजुषाबाई जाणाऱ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या मागे बघत होत्या. रिकाम्या होत चाललेल्या ओळीत एक म्हातारी एकटी बसली होती. तिच्या हातात चौकडी होती.

दोघंही तिच्यापाशी गेले. बाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. म्हातारी जनकाबाई, औंढ्याकडची. मालक गेले, घराला कुलूप लावलं, लेकाकडे कायमची निघाली होती. "आजी," मंजुषाबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या विमानाची माणसं उठली, दिसली नाहीत का?" "दिसली की." "मग?" जनकाबाईंनी पाकिटावरून बोट फिरवलं. "दिसली म्हनून तर बसले, बाई. उठले म्हंजे गेलेच ना मग." सोमेश्वरच्या कमरेचा वॉकीटॉकी कुरकुरत होता, गेट बंद करायची वेळ होत आली होती, आणि त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. हाताला धरून उठवायचं, चाकाची खुर्ची मागवायची. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या काही विचारत नव्हत्या, समजावत नव्हत्या. ज्या तऱ्हेनं त्या लिंबाखाली बसल्या होत्या तशाच इथेही बसून होत्या, एका म्हातारीच्या तोंडाकडे बघत, जणू नवी इमारत, महिनाभराची परवानगी, यातलं काही नव्हतंच. त्यानं वॉकीटॉकीत गेटवर सांगितलं, थोडं थांबा.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून जीन्स घातलेली एक मुलगी झपझप परत येताना दिसली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. ती खुर्च्यांच्या ओळी डोळ्यांनी चाळत येत होती. तिला जनकाबाईंचा हात दिसला आणि ती थेट त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं आपलं पाकीट वर करून दाखवलं. "आजी, तुम्ही आमच्याच ना? सगळे आलेत, तुम्हीच राहिलात." जनकाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू कुठली ग लेकरा?" "अकोल्याची. नोकरीला चालले, पहिल्यांदाच. मला पण भीती वाटतेय." जनकाबाई अजून थोडा वेळ बसल्या. मग पिशवी उचलून त्यांनी हात पुढे केला. मुलीनं तो धरला. त्या दोघी लांबच लांब फरशीवरून जाऊ लागल्या. मुलगी आपलं चालणं म्हातारीच्या चालीला लावत होती.

"ह्या मुलीला काय शिकवलं होतंत?" मंजुषाबाईंनी विचारलं. सोमेश्वर म्हणाला, "कुणी काहीच नाही." बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. गेटाशी काही माणसं आत न जाता थांबली होती. जनकाबाई येताना दिसल्या तशी त्यांनी वाट करून दिली. "पुढे गेलेली माणसं परत येतील, हे मला सुचलंच नव्हतं," मंजुषाबाई म्हणाल्या.